दर्यापूरचा सार्जंट

दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे आणि ते त्याचेच वाटले पाहिजेत, असा माझा धंदा आहे. सव्वीस वर्षं झाली. परदेशी सिनेमे, मालिका, कार्टून मराठीत येतात तेव्हा त्यांचे संवाद कुणीतरी बसून लिहिलेले असतात. ते लिहिणाऱ्यांपैकी मी एक. शेवटी नावं सरकायला लागतात तोवर लोकांनी चॅनल बदललेलं असतं, त्यामुळे मला कोणी ओळखत नाही. अमरावतीत माझ्या शेजारणींची समजूत आहे की मी घरी टायपिंगची कामं घेते. मी ती कधी खोडून काढली नाही.

काम दिसायला सोपं. मूळ संवाद जितके सेकंद चालतो, तितक्याच सेकंदांत मराठी वाक्य संपलं पाहिजे. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की आपल्या वाक्यातही तिथे प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी यायला हवं, नाहीतर प्रेक्षकाला नेमकं काय ते कळत नाही, पण काहीतरी खोटं चाललंय एवढं कळतं. मग मी एकच वाक्य वीस-वीस वेळा पाहते, टेबलावर बोटं आपटत मात्रा मोजते आणि स्वयंपाकघरात भाजी करपते. माझ्या घरात करपलेल्या भाजीला ‘डबिंगची भाजी’ म्हणतात.

या धंद्यात माझं नाव झालं ते एका गाढवामुळे. मुंबईत असताना एक कार्टून आलं होतं. त्यातलं गाढव आळशी, खादाड आणि वरून शहाणपणा शिकवणारं. मी त्याला वऱ्हाडी दिली. ‘मले काहून उठवून राहिले बे?’ म्हणत ते गाढव तुफान चाललं. कंपनीवाले खूश. मग सगळ्यांना तेच हवं. गुंडाचा हस्तक, भित्रा चौकीदार, पोट सुटलेला हवालदार, सगळे वऱ्हाडी बोलायला लागले आणि ते सगळे मीच लिहिले. मोठ्या अभिमानानं एकदा गावी, वलगावला, आईला ते कार्टून दाखवलं. तिनं पूर्ण पाहिलं, शेंगा सोलायच्या थांबवल्या नाहीत, आणि विचारलं, “आपल्या बोलीत गाढवच काहून बोलते वो? सिंव्ह काहून नाई बोलत?”

मी हसून वेळ मारून नेली. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, हे मला सोडत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एक सिनेमा आला. नाव सांगायची करारानं बंदी आहे, आणि सांगितलं तरी कुणाला कळणार नाही इतका तो अपरिचित. अमेरिकेतही फार कुणी पाहिला नसावा. गोष्ट साधी. महायुद्ध चालू आहे. सात अमेरिकन सैनिक शत्रूच्या हद्दीत, बर्फाच्या डोंगरात अडकले आहेत. वायरलेस बंद पडलाय. लेफ्टनंट कोवळा, नुकताच कॉलेजातून आलेला. सगळ्यांना परत नेण्याची जबाबदारी एका वयस्कर सार्जंटवर पडते. दोन तासांच्या सिनेमात गोळीबार जेमतेम पंधरा मिनिटं; बाकी सगळं लपणं, सरपटणं, वाट पाहणं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. शेवटी तर उभीच राहिले.

आणि तो सार्जंट! मूळ भाषेतही तो शहरी बोलत नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखातला शेतकरी माणूस, जाड, सरळ, गावाकडची बोली. मी लेखणी उचलली आणि मनात म्हटलं, हा आपला माणूस आहे.

कंपनीकडून मधुरा मॅडमचा फोन आला. मुंबईहून आमचं काम त्या बघतात. हुशार बाई, खोटं बोलत नाहीत. त्यांनी आवाजांची यादी सांगितली. सार्जंट प्रमाण मराठी, भारदस्त. लेफ्टनंट प्रमाण, कोवळा. “आणि तो आचारी आहे ना, सारखा घाबरणारा, त्याला तुमची वऱ्हाडी देऊ. धमाल येईल.”

माझं डोकंच फिरलं. “मॅडम, सातही वऱ्हाडी बोलतील. नाहीतर हा सिनेमा दुसऱ्या कुणाला द्या.”

“अहो, सार्जंट मरतो शेवटी. वऱ्हाडीत मेला तर लोक हसतील.”

हे ऐकून मला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. कारण लोकांना हसायची सवय लावणारी मीच होते. तासभर वाद घातला. शेवटी मॅडमनी एक मार्ग काढला. वऱ्हाडीत पूर्ण सिनेमा करा, वऱ्हाडातल्याच साध्या लोकांना एकदा दाखवा, मी स्वतः येऊन बसेन. तीनदा चुकीच्या जागी हसू आलं, तर पुण्यात प्रमाण मराठीत पुन्हा रेकॉर्डिंग. मी लगेच हो म्हटलं. खेळ कुठे ठेवायचा हेही त्याच तावात ठरवून टाकलं. म्हटलं, दर्यापूरला. अमरावती-अकोल्याचे लोक तरी जरा शहरी, दर्यापूरचे अस्सल. किती मोठी घोडचूक केली, ते पुढे येईलच.

रेकॉर्डिंग अकोल्याला, इमरानभाईच्या स्टुडिओत. एरवी तिथे भीमगीतं, कव्वाल्या आणि लग्नाच्या बँडचं रेकॉर्डिंग चालतं. इमरानभाईचा कान असा की शेजारच्या गल्लीत कुणी कुकर लावला तरी तो शिट्टी होण्याआधीच हात वर करून रेकॉर्डिंग थांबवतो. नट अमरावतीच्या कॉलेजांतली, एकांकिका गाजवलेली मंडळी. तयारीची, उत्साही. आणि पहिल्याच दिवशी आमचं गाडं अडकलं.

शत्रूच्या हद्दीत माणसं कुजबुजतात. सिनेमाचा अर्धा भाग कुजबुज. आणि आमच्या एकाही नटाला कुजबुजता येईना! वऱ्हाडात कुजबुज हा प्रकारच नाही. आम्ही गुपितसुद्धा रस्त्याच्या त्या बाजूच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगतो. बरं, जबरदस्तीनं कुजबुजले की माइकवर नुसते फुसफुस आवाज. इमरानभाईनं हेडफोन काढून ठेवला.

“ताई, हे सैनिक नाई वाटत. सायकलची हवा निघून राहिली असं वाटते.”

दोन दिवस वाया गेले. सार्जंटसाठी पाच जणांचे आवाज तपासले, पाचही नाटकातले राजे वाटत होते. त्या रविवारी मला दर्यापूरला चुलतभावाच्या नातीचं नाव ठेवायला जायचं होतं. तिथून संध्याकाळच्या आत अकोल्याला पोचायचं म्हणून शेअर जीपमध्ये बसले. दहा जणांची गाडी, चौदा माणसं, वर दोन बाजाराच्या टोपल्या. जागेवरून दोघांची जुंपली. एकाचा हात दुसऱ्याच्या कॉलरपर्यंत गेला. ड्रायव्हर मागे वळला नाही, आवाज चढवला नाही. आरशात पाहून इतकंच म्हणाला, “दाटून बसा. सारेच पोचतीन.”

आणि गाडी गप्प झाली. मी तर थिजलेच. तो आवाज घशातून नव्हता, छातीतून येत होता. जवळच्याला स्पष्ट, चार हातांवर संपलेला. मी सबंध रस्ता पुढे वाकून त्या माणसाला काहीबाही विचारत राहिले, केवळ ऐकायला. नारायण तायडे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, बरीच वर्षं सरहद्दीवर, त्यातली काही बर्फात. आता जीप. अकोल्याला उतरताना मी त्यांना सरळ विचारलं, सिनेमात आवाज द्याल का?

ते माझ्याकडे बघतच राहिले. “ताई, तुमची तब्बेत बरी हाय ना?”

तिसऱ्या दिवशी आले. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. एक अट घातली. “घरी सांगू नोका. आमची सुमन मी फौजेत असताना लय घाबरे. दोन मयने चिठ्ठी आली नोयती एकदा, तवापासून फौजेचं नाव काहाडलं की उठून जाते. तिले काई समजू देऊ नोका.”

पहिल्या तासातच त्यांनी आमची शाळा घेतली. नट कुजबुजून दाखवायला लागले तसे म्हणाले, “असं केलं तं पहिल्याच रात्री मेले असते सारे. फुसफुस दूर जाते, त्यातला ‘स’ शिटीसारखा जाते. खालच्या आवाजात बोला. छातीवर हात ठेवा. हाताले समजलं पाह्यजे, पन समोरच्या झाडाले नाई.” मग सगळ्यांना जमिनीवर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. माइक खाली घेतला. इमरानभाईनं हेडफोन चढवला, डोळे मिटले, आणि दोन मिनिटांनी उघडून मला नुसता अंगठा दाखवला. मी काचेच्या मागे अक्षरशः उडी मारली.

माझ्या संवादांचीही त्यांनी कत्तल केली. मी सैनिकांच्या तोंडी लेफ्टनंटला जागोजागी ‘साहेब’ लिहिलं होतं. “तिथं कोनी साहेब म्हनत नाई, ताई. दुश्मनानं आयकलं तं पयली गोळी साहेबाले.” मग काय म्हणतात? “कोनी कोनाले काय म्हनते? राजा म्हनते.” मी ओठ तपासले. मूळ शब्दात ओठ मिटत नव्हते, ‘राजा’तही मिटत नाहीत. बसला की चपखल! सातही जण, आमच्याकडे पारावर दोस्ताला म्हणतात तसे, एकमेकांना राजा म्हणायला लागले आणि ते सात अमेरिकन एकदम नात्यातले वाटायला लागले.

पण बर्फ? मे महिन्यातलं अकोलं. रेकॉर्डिंगच्या वेळी एसीचा आवाज येतो म्हणून तो बंद. घामानं स्क्रिप्टचे कागद ओले, आणि त्यावर लिहिलेलं, ‘दात वाजतात, थंडीनं शब्द तुटतो.’ खोटी थंडी ऐकायला फार वाईट लागते. तेव्हा इमरानभाई बाहेर गेला आणि हातगाडीवरून बर्फाच्या सात लाद्या घेऊन आला. सगळ्यांनी अनवाणी पाय त्यावर ठेवले. वरून घाम, खालून बर्फ! चौथ्या मिनिटाला खरेखुरे दात वाजायला लागले. एकटे तायडेभाऊ शांत होते. म्हणाले, “हे तं कायीच नाई,” आणि आपली लादी आचाऱ्याचं काम करणाऱ्याला दिली. असे नऊ दिवस आम्ही काम केलं. सव्वीस वर्षांत इतकी मजा मला कधी आली नव्हती.

शेवटचा प्रसंग राहिला होता. सगळ्यांना नाला ओलांडायचा आहे आणि कुणीतरी एकानं मागे थांबून शत्रूला अडवायचं आहे. सार्जंट थांबतो. तिथे मी जीव ओतून लिहिलं होतं. माती, आई, शपथ, सगळं आलं होतं. तायडेभाऊंनी कागद वाचला, घडी केला आणि खिशात ठेवला.

“अशा टायमाले मानूस मोठं नाई बोलत, ताई. घरी काई विसरलं आन् ते घ्याले चालला, असं बोलते.”

“मग तुम्ही काय म्हणाल?”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. नशिबानं त्या वेळी सार्जंटच्या तोंडावर मफलर असतो, ओठांचा प्रश्न नव्हता. ते म्हणाले, “तुमी व्हा समोर. मी येऊनच राहिलो.” इमरानभाईनं लाल बटण आधीच दाबलेलं होतं, हे बरं झालं. ते पुन्हा म्हणायला तयार झाले नाहीत. बाहेर जाऊन बराच वेळ जीपचा टायर तपासत राहिले. ते वाक्य त्यांनी कधी, कुणाच्या तोंडून ऐकलं होतं, मी विचारलं नाही.

जूनमध्ये दर्यापूरच्या एका मंगल कार्यालयात दुपारी खेळ ठेवला. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. दीडेकशे माणसं आली. शेतकरी, भाजीवाल्या, शिक्षक, दवाखान्यातल्या नर्स, झेडपीतले कारकून. मधुरा मॅडम बाजूच्या खुर्चीवर, मांडीवर कागद, हातात पेन, छोटी बॅटरी. तायडेभाऊ मागे प्रोजेक्टरपाशी. सगळं गाव जाणार आणि आपण नाही, असा संशय नको म्हणून सुमनबाईंना त्यांनी ‘ताईचा पिक्चर हाय’ एवढंच सांगून आणलं होतं. त्या बायकांत, माझ्या शेजारी बसल्या होत्या. हिरवं लुगडं, हातात रुमाल, चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखी उत्सुकता.

सिनेमा सुरू झाला. बर्फ, वारा, सात आकृत्या. सार्जंट पहिल्यांदा तोंड उघडतो. गारठलेल्या सैनिकांना सांगतो, “दाटून बसा. सारेच पोचतीन.”

वाक्य मीच जीपमधून उचललं होतं, फार आवडलं म्हणून. मागून कुणीतरी ओरडलं, “अबे, हा तं तायडेभाऊ! जीप कुठी उभी केली?” अख्खं कार्यालय फुटलं. लोक खुर्च्या बडवत होते. त्या हॉलमधला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या जीपमधून अकोल्याला गेलेला होता, आणि हे अकरा दिवसांत माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं! मॅडमची बॅटरी लागली. कागदावर एक रेघ.

मी घाबरून सुमनबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. रुमाल तोंडावर धरून पडद्याकडे एकटक पाहत होत्या.

पंधरा मिनिटांनी सार्जंट लेफ्टनंटला ‘राजा’ म्हणाला आणि पुन्हा खसखस पिकली. दुसरी रेघ. आता एकच उरली होती, आणि पुढे दीड तासाहून जास्त सिनेमा. एकदा वाटलं, उठून बंद करावा, लाइट गेले म्हणावं.

पण मग गवताच्या गंजीत सातही जण लपतात आणि शत्रूचे बूट बाजूनं जातात, तो प्रसंग आला. तायडेभाऊंचा आवाज छातीतून म्हणाला, “हालू नोका.” माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं पाय वर घ्यायला उचलला होता, तो त्यानं तसाच अधांतरी धरला. एक नर्स दुसरीच्या हाताला नखं रुतवून बसली होती. बूट निघून गेले तेव्हा दीडशे माणसांनी एकदम श्वास सोडला, तो मी ऐकला. त्या क्षणापासून पडद्यावर जीपवाला उरला नव्हता. लोक पडद्यावरच्या सैनिकांना ‘बाजूले पाह्य, बाजूले’ म्हणून सावध करत होते. मला नाचावंसं वाटत होतं.

आणि नाला आला. सहा जण पलीकडे जायला निघाले. सार्जंटनं मफलर वर ओढला.

“तुमी व्हा समोर. मी येऊनच राहिलो.”

सहा जण गेले. इकडे गोळीबार सुरू झाला, मग थांबला. बर्फात सार्जंट पालथा पडला होता. आवाज कसलाच नाही. मूळ सिनेमात तिथे वीस सेकंद काहीच नाही, संगीतसुद्धा नाही.

त्या वीस सेकंदांत सुमनबाई ताडकन उभ्या राहिल्या. पडद्याचा उजेड त्यांच्या अंगावर पडला. वळून, अंधारात, भर कार्यालयात त्या ओरडल्या, “अवो! कुठी हा तुमी?”

मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं. आता हसणार. बाई सिनेमाला खरं समजली म्हणून वर्षभर पारावर सांगून हसतील. मी तिसऱ्या रेघेची वाट पाहत होते. कोणी हसलं नाही. डोळे उघडले तर माणसं बाजूला सरकत होती, पाय आत घेत होती, सुमनबाईंना वाट करून देत होती. मागून तायडेभाऊंचा आवाज आला, तोच, खालचा.

“इथंच हावो. ये.”

त्या गेल्या. पुढचा सगळा सिनेमा त्या प्रोजेक्टरच्या बाजूला जमिनीवर बसल्या होत्या, नवऱ्याच्या शर्टाची बाही मुठीत धरून.

लाइट लागल्यावर मधुरा मॅडम बराच वेळ पेनाचं टोपण शोधत होत्या. टोपण पेनालाच होतं. म्हणाल्या, “सातही वऱ्हाडीच जातील.” मग कागदावर सही केली. सिनेमा तसाच गेला आणि आता कुठे ना कुठे लागतो. लोक बघतात की नाही मला ठाऊक नाही.

मला हा निरोप तायडेभाऊंना सांगायचा होता. धावतच मागे गेले. ते वायरी गुंडाळत होते. सुमनबाईंनी माझा हात धरला आणि मला जरा बाजूला घेतलं. डोळे सुजले होते, पण नवऱ्याकडे बोट दाखवताना आवाजात दटावणी होती.

“लय चांगला झाला पिक्चर, ताई. पन पुढच्या टायमाले याईले घरी वापस आनजा.”